वडिलांची बोट विकायचीय. तिचा दोष सांगावा का?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ताईंच्या वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने सोळा फुटी फायबरची बोट आणि पंचवीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन घेतलं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर ते ती चालवत. नोंदणीही त्यांच्याच नावावर. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून बोट गिरणाऱ्याकडच्या शेतात ताडपत्रीखाली पडून आहे. ज्या मागच्या भिंतीवर इंजिन बसतं तिच्यात पाणी शिरून आतलं लाकूड मऊ पडलंय, हे वडिलांनीच शेवटच्या वर्षी सांगितलं होतं. भावालाही ते ठाऊक आहे. आता इगतपुरीकडचा एक तरुण बोट घ्यायला तयार झालाय. पर्यटकांना फेऱ्या मारून आणायचा धंदा करायचा त्याचा विचार आहे. सव्वादोन लाख देतो आणि सगळे रोख देतो म्हणतो. भावाचं म्हणणं: ‘मागच्या बाजूला रंगाचा एक हात मारू आणि गप्प बसू. घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं, कायदाही तेच सांगतो. बाबांनी साडेचार लाख घातलेत, फुंकून नाही टाकायचे. नाहीतर २०२७ च्या सिंहस्थापर्यंत थांबू, तेव्हा भाव येईल.’ आई काहीच बोलत नाही. ताई विचारतात, अनोळखी माणूस स्वतः पाहून घेतोय, तर आपणहून दोष सांगणं हा भाबडेपणा ठरेल का? आणि सांगितला तर भावाला वाटेल की मी बाबांच्या वस्तूची किंमत पाडली.

ताई,

भाऊ कायद्याबद्दल बोलतो ते निम्मं खरं आहे, म्हणून आधी तेच नीट पाहू. मालविक्री अधिनियम, १९३० च्या सोळाव्या कलमाप्रमाणे वस्तू चांगल्या दर्जाची असेल अशी अट सर्वसाधारणपणे विकणाऱ्यावर आपोआप लागत नाही. तुम्ही बोटींचे व्यापारी नाही, घरची एक जुनी वस्तू विकताय. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी, हे इथपर्यंत बरोबर. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं सतरावं कलमही म्हणतं की नुसतं गप्प राहणं ही फसवणूक होत नाही. पण त्याच कलमाखाली एका घोड्याची उदाहरणं दिलेली आहेत, ती भावाला जरूर वाचायला द्या. एक जण दुसऱ्याला आजारी घोडा लिलावात विकतो, आजाराबद्दल बोलत नाही. ही फसवणूक नाही. मात्र घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं समजतो,’ आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच धरलं जातं. तुमचा गिऱ्हाईक बोटीभोवती फिरताना कधी ना कधी विचारणारच, ‘पुढे काही काम नाही ना निघणार?’ तेव्हा भाऊ आकाशाकडे बघत राहिला तर तो या दुसऱ्या घोड्याच्या उदाहरणात जाऊन बसला.

रंगाचं तर त्याहून पुढचं आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं याला हे कलम सरळ फसवणूक म्हणतं. तसं सिद्ध झालं तर घेणारा करार रद्द करून पैसे परत मागू शकतो. आज जो रंगाचा हात चार पैसे वाचवणारा वाटतो, तोच उद्या तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल. रंग कधी मारला, कुणी मारला, का मारला, हे प्रश्न काही झालंच तर कुणीतरी विचारणारच.

हा झाला कायदा. पण तुम्ही पत्र कायद्यासाठी लिहिलेलं नाही असं मला वाटतं. कायद्यात बसतं का एवढंच विचारायचं असतं तर तुम्ही वकिलाला फोन केला असता. तुम्हाला झोप लागत नाही ती त्या मऊ पडलेल्या लाकडामुळे, म्हणून त्या लाकडाविषयीच जरा सविस्तर बोलते.

इंजिन बसवायच्या त्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. छोट्या फायबर बोटींमध्ये तिच्या पोटात बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबरचा थर. इंजिनाच्या बोल्टची भोकं, पाणी काढायच्या बुचाचं भोक, कुठे तरी सीलंट सुटतं आणि पाणी थेंबाथेंबाने आत जातं. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि आत लाकडाचा भुगा होत असतो. पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन पन्नास-साठ किलोच्या आसपास भरतं. ते भिंतीवर नुसतं टांगलेलं नसतं. थ्रॉटल दिला की अख्ख्या बोटीला पुढे ढकलणारा जोर त्या एका भिंतीवर येतो. भिंत आतून कुजलेली असेल तर ती आधी वाकते, मग तडकते, आणि शेवटी इंजिन भिंतीचा तुकडा घेऊन सुटू शकतं. हे काठाला बांधलेल्या बोटीत घडत नाही, ते भर पाण्यात वेगात असताना घडतं, आणि बोट मागूनच भरू लागते.

भाऊ कदाचित म्हणेल, जुनी मोटारसायकल विकताना आपण कुठे सगळं सांगतो. मोटारसायकल बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून मेकॅनिकला फोन करतो. बोटीला कडा नसते. आणि हा तरुण बोट स्वतःपुरती घेत नाहीये. दिवाळीच्या सुट्टीत आलेली पोरंबाळं, ज्यांना पोहता येत नाही अशी माणसं त्यात बसणार आहेत. त्यांनी बोट तपासलेली नसेल, किमतीची घासाघीस केलेली नसेल. ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ हे तत्त्व त्यांना लागूच होत नाही, कारण ते घेणारे नाहीतच. तुमच्या पत्रात या व्यवहाराला दोनच बाजू दिसतात, तुम्ही आणि तो. मला तिसरी बाजू दिसते, आणि तीच सगळ्यात मोठी आहे.

धरणाचं पाणी शांत असतं, हाही आपला एक समज. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा जीव गेला. या दोन्ही ठिकाणी ट्रान्सम कुजल्यामुळे काही झालं असं मी म्हणत नाही. एकीकडे वारा होता, दुसरीकडे क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पण बंदिस्त गोड्या पाण्यावर, काठ डोळ्यांना दिसत असताना, माणसं किती पटकन जातात हे या दोन घटनांतून कळतं. त्यात बोटच अधू असली तर वाऱ्याची एक झुळूकही पुरते.

तेव्हा भाबडेपणाच्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. इंजिनाचा रंग उडालाय, सीट फाटलीय, ताडपत्रीला भोकं आहेत, हे सगळं गिऱ्हाईक बघून घेईल, तुम्ही त्याची यादी वाचून दाखवायची गरज नाही. पण जो दोष बाहेरून दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे आणि ज्याने जीव जाऊ शकतो, तो सांगायचाच. विचारलं नाही तरी सांगायचा, लिहून द्यायचा आणि त्याखाली त्याची सही घ्यायची.

भावाला पटेल असं एक निव्वळ व्यवहाराचं कारणही आहे. इंजिनावर चालणाऱ्या बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. आपल्या राज्यात नोंदणी आणि सर्व्हेचं, म्हणजे बोट सुरक्षित आहे का या तपासणीचं, काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. प्रवासी बसवायचे तर त्या तरुणाला बोट नावावर करून सर्व्हे करून घ्यावा लागणार. बोट तपासणारा माणूस ट्रान्सम ठोकून पाहील, इंजिन वर उचलून खालचा भाग दाबून बघेल. म्हणजे दोष उघड होणारच आहे. रंग मारून तुम्ही फक्त भांडणाची तारीख पुढे ढकलता, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतील. त्याने सर्व्हे न करताच फेऱ्या सुरू केल्या तर? मग तर भीती आणखीच मोठी.

आता साडेचार लाखांकडे येऊ. बाबांनी किती घातले, याचा आजच्या किमतीशी फारसा संबंध नाही. त्या पैशांचं बाबांनी जे घ्यायचं ते घेतलं. पहाटेचं पाणी, वारा, त्यांच्या आवडीची सगळी वर्षं. उरली आहे ती एक दोन वर्षं बंद असलेली बोट. नाशिकमध्ये चारचाकी विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत फोन खणखणतात. बोटीचं तसं नाही. आपल्याकडे पाण्याची चौकशी होते ती बहुधा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पूर कुठवर लागला एवढ्यापुरती. गिऱ्हाईक मोजकं, आणि जे असतं ते जाणकार असतं.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जिचा पत्रात उल्लेखही नाही. हे इंजिन आयुष्यभर गोड्या पाण्यावर चाललंय. खाऱ्या पाण्यातलं इंजिन आतून गंजतं, थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजतात. मालवण-तारकर्लीकडच्या कुणालाही विचारा, गोड्या पाण्यावरचं इंजिन म्हटलं की तो जास्त लक्ष देऊन ऐकेल. तुमचं खरं धन तिथे आहे, त्या फायबरच्या सांगाड्यात कमी.

म्हणून पहिला खर्च इंजिनावर करा, पण घाईने दोरी ओढून चालू करायला जाऊ नका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीत दोन वर्षं पडलं की पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, कार्ब्युरेटर साफ करून घ्या, प्लग बदला. इंजिन कोरडं तर अजिबात चालवू नका. पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा पाण्याशिवाय थोड्याच वेळात जळतो, आणि इतक्या दिवसांनी तो तसाही कडक झालेला असेल, तेव्हा नवीन घाला. खालचा भाग पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये बुडवून मगच चालू करायचं आणि मागून पाण्याची धार सारखी पडतेय का ते पाहायचं. खालच्या गिअरचं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि पाणी शिरलंय. मेकॅनिककडून सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ असले तर कागदावर लिहून त्याची सही घ्या. तो कागद दाखवला की इंजिनाच्या किमतीत फारशी घासाघीस होत नाही.

ट्रान्समचं काम किती, हेही अंदाजाने बोलू नका. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम करणारे आहेत. एकाला शेतावर घेऊन जा. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. कुज फक्त बोल्टभोवती आहे की भिंतभर पसरलीय, ते तो सांगेल. बोटीच्या पोटात तरंगण्यासाठी फोम भरलेला असेल तर तो पाणी प्यायलाय का हेही विचारा. दोघांकडून लेखी अंदाज घ्या.

इतकं झालं की तुमच्यासमोर वाटा मोकळ्या होतात. पहिली, दुरुस्ती करून विकणं. ट्रान्सम नवीन घातला, फोटो काढत गेलात, बिल ठेवलंत, तर चांगली किंमत मागता येईल. पण दुरुस्तीचा पैसा आधी तुमच्या खिशातून जाणार आणि काम कसं झालं याची जबाबदारीही थोडी तुमच्याकडे येणार. घरात यावर आधीच तणाव असताना मी या वाटेला लगेच जा म्हणणार नाही. दुसरी, दोष सांगून, दुरुस्तीचा अंदाज दाखवून, तेवढी रक्कम कमी करून आहे त्या स्थितीत देणं. तिसरी, इंजिन आणि बोट वेगवेगळी विकणं. मला ही तिसरी वाट सगळ्यात पटते. इंजिनाला गिऱ्हाईक मिळणं सोपं, आणि कुजलेला सांगाडा इंजिनासकट विकला की त्याच्या पुढच्याच आठवड्यात तो पाण्यात जाण्याची शक्यता असते. वेगळा विकला तर घेणारा तो दुरुस्तीसाठीच घेतो. सांगाड्याचे पैसे कमी येतील, पण इंजिन नीट तपासून विकलंत तर एकूण रक्कम सव्वादोन लाखांपासून फार लांब जाणार नाही, असा माझा अंदाज. तुमच्या मेकॅनिकचे आकडे आल्यावर चित्र स्पष्ट होईल.

सिंहस्थासाठी थांबणं मला योग्य वाटत नाही. प्रशासनाला बोटी लागतात तेव्हा त्या निविदेने, तपासून घेतल्या जातात. शेतात पडलेली, सर्व्हेची मुदत संपलेली खाजगी बोट कुणी येऊन उचलत नाही. तोवर लाकूड आणखी कुजेल, ऊन फायबर खाईल आणि इंजिनाचे रबरी भाग कडक होतील. विकण्याचा चांगला काळ पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आधीचा, जेव्हा धरणं भरलेली असतात आणि पर्यटनवाल्यांच्या हातात हंगाम असतो. मे महिन्यात फुगवटा आटून चिखल उघडा पडलेला असतो, तेव्हा गिऱ्हाइकाला चाचणी तरी कुठे दाखवणार?

आता एक गोष्ट, जी तुम्ही आणि भाऊ दोघेही गृहीत धरताय: ही बोट विकायचा अधिकार तुम्हा दोघांना आहेच. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचा तिच्यावर समान हक्क आहे. आजी हयात असतील तर त्यांचाही. आई बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना चालतंय असा धरू नका. त्यांना वेगळं बसवून विचारा, घाई न करता. विकायला त्यांची हरकत नसेल पण एखादी वस्तू ठेवून घ्यायची असेल, असं होऊ शकतं. विकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नोंदणी बाबांच्या नावावर असताना तुम्ही सही करून दिलेला कागद घेणाऱ्यालाही उपयोगाचा नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, इतर वारसांची ना हरकत, ही कागदपत्रं घेऊन जिथे नोंदणी झाली त्या कार्यालयात विचारा आणि आधी वारसाच्या नावावर बदल करून घ्या. विक्रीनंतर घेणाऱ्याच्या नावावर बदल झाला की नाही याचा पाठपुरावाही तुम्हीच करा. बोट कागदोपत्री तुमच्या घरच्या नावावर राहिली आणि तिकडे काही झालं तर पहिला फोन तुम्हाला येईल. त्याच कारणाने गिऱ्हाइकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: बोट घेतली म्हणजे एखाद्या धरणात ती चालवायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती त्याने संबंधित खात्याकडून स्वतः घ्यायची.

बोटीसोबत ट्रेलर देणार असाल तर लक्षात ठेवा, ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी असते. तो विकल्यावर राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. नोंदणीच नसेल तर ट्रेलर रस्त्यावर काढू नका, बोट टेम्पोवर चढवून द्या.

पैशांबद्दल. ‘सगळे रोख’ हे ऐकायला छान वाटतं, पण आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड पैसे घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा. म्हणजे सव्वादोन लाख रोख घेतलेत तर सव्वादोन लाखांपर्यंत दंडाची पाळी तुमच्यावर. दोन हप्त्यांत घेऊ, असली युक्तीही नको. व्यवहार एकच धरला जातो. बँकेतून घ्या. दोन लाखांच्या वर आरटीजीएस होतं, कमी असेल तर एनईएफटी. चेक घेतलात तर खात्यात पैसे जमा झाल्याशिवाय बोट हलवू देऊ नका. टोकन घेतलं तर त्याची पावती द्या आणि व्यवहार मोडला तर ते परत की जप्त, हे पावतीवरच लिहा.

जाहिरात ऑनलाइन टाकली तर दुसऱ्या प्रकारचे फोनही येतील. समोरचा स्वतःला लष्करात असल्याचं सांगेल, वस्तू न बघताच घेतो म्हणेल, आणि पैसे पाठवायला एक क्यूआर कोड स्कॅन करायला लावेल. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फोन आईंच्या हातात असतो का? मग त्यांनाही हे एकदा समजावून सांगा.

विक्रीचा कागद पाचशेच्या मुद्रांकावर करा, नोटरी करून घ्या. त्यात बोटीची लांबी, नोंदणी क्रमांक, इंजिनाचा अनुक्रमांक, सोबत काय काय देताय त्याची यादी, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. आणि एक वाक्य ठळक: ‘ट्रान्समचं लाकूड पाणी शिरून कुजलं आहे, दुरुस्ती आणि सर्व्हे झाल्याशिवाय बोट पाण्यात वापरू नये, हे घेणाऱ्याला दाखवून व सांगून दिलं आहे.’ खाली त्याची सही, सोबत त्या जागेचे फोटो. हा कागद त्यालाही वाचवेल आणि तुम्हालाही. जुनी लाइफ जॅकेटं उन्हात पडलेली असतील तर ती चांगली म्हणून देऊ नका. पट्टे ओढून, पाण्यात घालून पाहा, आणि शंका आली तर कापून टाका, म्हणजे ती कुणाच्या अंगावर चढणार नाहीत.

गिऱ्हाइकाला चाचणी हवी असेल तर या बोटीवर ती देऊ नका. इंजिन ड्रममध्ये चालवून दाखवा, तेवढं पुरे. ‘एक फेरी मारून आणतो’ असं कुणी कितीही म्हणालं तरी नाही म्हणा.

आता भाऊ. मला वाटतं तुमचं पत्र मुळात त्याच्याविषयीच आहे. तुम्हाला भीती आहे की दोष सांगितला तर तो म्हणेल, तू बाबांच्या वस्तूची किंमत पाडलीस. पण त्या लाकडाविषयी तुम्हाला सांगितलं कुणी? बाबांनीच. बोटीवर जीव असणारा माणूस आपल्या बोटीचा दोष मुलांना का सांगतो? आपल्या मागे कुणीतरी ती पाण्यात नेण्याआधी त्याला ते कळावं म्हणून. तुम्ही जे त्या तरुणाला सांगणार आहात ते बाबांनी तुमच्यावर सोपवलेलं आहे. हे भावाला तोंडावर मारू नका, दोघंच असताना शांतपणे सांगा. त्याच्या रागात बाबांचे पैसे वाया जाऊ नयेत ही माया आहे, ती ओळखा. आणि रिकाम्या हाताने बोलायला जाऊ नका. मेकॅनिकचा कागद, फायबरवाल्याचा अंदाज, आणि ‘इंजिन वेगळं विकलं तर एवढे येतात’ असा आकडा सोबत असू द्या. पटणार नाही त्याला लगेच, कदाचित. पण रंग मारून विकायला तुम्ही सही करणार नाही, हे त्याला आधी कळलं पाहिजे. वारस म्हणून तुमची सही लागतेच, त्यामुळे तुमचं म्हणणं फक्त मत म्हणून बाजूला पडणार नाही.

आईंचं आणि भावाचं ठरल्यावर मग त्या तरुणाला फोन करा. ट्रान्समचं सांगा, अंदाज दाखवा, इंजिन वेगळं घेणार का विचारा. तो बिथरला आणि मागे फिरला तरी चालेल. जाहिरात साधी ठेवा: ‘सोळा फुटी फायबर बोट, पंचवीस हॉर्सपॉवर आउटबोर्ड इंजिन, फक्त गोड्या पाण्यात वापरलेलं. दोन वर्षं बंद होतं, आता सर्व्हिस केलेलं, चालू करून दाखवू. बोटीच्या ट्रान्समला दुरुस्ती आवश्यक. कागद पूर्ण. एकत्र किंवा वेगवेगळं.’ ती फक्त नाशिकच्या गटांत टाकू नका. गिरणा, चणकापूर, दारणा या धरणांवरच्या मच्छीमार सहकारी संस्थांना, आणि इंजिनासाठी कोकणात मालवण, अलिबागकडच्या बोटवाल्यांना आणि मेकॅनिकना फोन लावा. इंजिनाचा मेकॅनिक हा यातला सगळ्यात चांगला मध्यस्थ असतो. कुणाला काय हवंय हे त्याला माहीत असतं. त्याची दलाली आधी ठरवून घ्या.